स्पर्धामैदानावरील प्रकाश आणि यंत्रमानवाची रंगओळख

स्पर्धेच्या सभागृहातील दिव्यांमुळे यंत्रमानवाच्या कॅमेऱ्याला दिसणाऱ्या रंगांत पडणारा फरक. कॅमेरा वस्तूवरून परतलेला प्रकाश लाल, हिरवा व निळा अशा तीन घटकांत मोजतो. दिवा बदलला की आकडे बदलतात. माणसाचा डोळा हा फरक सावरून घेतो, त्यामुळे कार्यशाळेत तो कुणाच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्र : पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात रोबोकॉन या महाविद्यालयीन यंत्रमानव-स्पर्धेची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे भरली. २००८ (विषय ‘गोविंदा’, दहीहंडीवर बेतलेला) व २०१४ या वर्षांत तिची आशिया-पॅसिफिक स्पर्धाही पुण्यातच झाली. पांढऱ्या पट्टीवरून चालणाऱ्या यंत्रमानवांचा त्रास रंगओळखीहून वेगळा होता : हॅलोजन दिव्यांतील अवरक्त किरण पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरला फसवतात.

जांभळा चेंडू : रोबोकॉनच्या २०२४ च्या ‘हार्वेस्ट डे’ (यजमान व्हिएतनाम) या विषयात स्वयंचलित यंत्रमानवाने जांभळे चेंडू वगळून आपल्या संघाचे लाल किंवा निळे चेंडू सायलोत टाकायचे होते. रंगओळखीची खरी कसोटी इथे लागते. जांभळ्यात लाल व निळा दोन्ही असतात. सुमारे ३००० केल्विनच्या पिवळट उजेडात तो लालाकडे झुकतो, ६५०० केल्विनच्या थंड एलईडीखाली निळ्याकडे. एकाच चेंडूचा माथा चकाकून पांढरा होतो, तळ काळवंडतो. भरवशाचा रंग मधल्या पट्ट्यातच मिळतो. ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या आज्ञावलीतील ० ते १७९ या ह्यू-मापनात (रंगछटेच्या मोजणीत) लाल दोन्ही टोकांना येतो, म्हणून त्यासाठी दोन कक्षा ठेवाव्या लागतात.

उपाय : कॅमेऱ्याचे ऑटो व्हाइट बॅलन्स (आपोआप रंगसंतुलन) व ऑटो एक्स्पोजर (आपोआप प्रकाशनवेळ) बंद करणे, हा पहिला व सर्वांत महत्त्वाचा. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवल्यास चित्रावर पट्टे उमटत नाहीत. रंगांच्या कक्षा सरावफेरीत, प्रत्यक्ष मैदानावर, चारही कोपऱ्यांत ठरवाव्यात. कारण रंगीत जमिनीवरून परतलेला उजेडही चेंडूवर पडतो. नियमपुस्तिकेत मैदानाच्या रंगांबरोबर दिव्यांचे रंगतापमानही छापले जावे. अन्यथा ज्या महाविद्यालयांना स्पर्धेसारखे दिवे असलेले सभागृह सरावाला मिळत नाही, त्यांचे सर्वाधिक नुकसान होते.

इतर स्पर्धा : फुटबॉल खेळणाऱ्या यंत्रमानवांच्या रोबोकप स्पर्धेतील एका गटाने २०१६ मध्ये रंगावरून ओळखता येणारा नारिंगी चेंडू सोडून काळा-पांढरा चेंडू घेतला.

खुले मैदान : इथे दिव्यांऐवजी सूर्यप्रकाश असतो; ढग सरकताच रंगांच्या ठरवलेल्या कक्षा बिघडतात.