'लेजंड्स अँड लाटेज': तलवार खुंटीला टांगून कॉफी विकणाऱ्या ऑर्कची प्रेमकथा

सोशल मीडियावर पुस्तकांचे व्हिडिओ पाहत असाल तर 'कोझी फँटसी' हा शब्द एव्हाना कानावरून गेला असेल. जादू, राक्षस, तलवारी सगळं आहे. पण जग वाचवायचं नाही, राजसिंहासन मिळवायचं नाही. कुणीतरी दुकान टाकतं, शेजारीपाजारी जमतात, कुणावर तरी जीव जडतो. हा प्रकार घरोघरी पोहोचवण्यात ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या 'लेजंड्स अँड लाटेज' या कादंबरीचा मोठा हात आहे.

बाल्ड्री हे ऑडिओबुकचे निवेदक, त्याआधी व्हिडिओ गेम बनवणारे. नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि 2022 च्या सुरुवातीला स्वतःच प्रकाशित केलं. ते इतकं चाललं की त्याच वर्षी 'टॉर'ने नव्याने काढलं. 2023 मध्ये ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांच्या सर्वोत्तम कादंबरीच्या नामांकनांत ते होतं.

गोष्ट काय?

विव्ह ही ऑर्क भाडोत्री योद्धा. लढून लढून कंबर धरलेली. थ्यून शहरात ती जुना तबेला विकत घेते आणि कॉफीचं दुकान उघडते. अडचण अशी, की शहरात कॉफी म्हणजे काय हेच कुणाला माहीत नाही. मदतीला येते टॅन्ड्री, ही एक सक्यूबस. (इथून पुढे कथानकातल्या काही गोष्टी उघड होतील.)

पुस्तकाचं खरं बळ या दुकानाच्या उभारणीत आहे. कॅल नावाचा अबोल सुतार तबेल्याची डागडुजी करतो. पहिल्या दिवशी गिऱ्हाईकच फिरकत नाही, मग टॅन्ड्री फळा लिहिते, फुकट चव देण्याची युक्ती काढते. थिंबल हा उंदरासारखा दिसणारा, जेमतेम बोलणारा बेकर दालचिनीचे रोल करतो आणि दारात रांग लागते. ज्याने कधी छोटा धंदा जवळून पाहिलाय त्याला यातली धाकधूक बरोबर कळेल. पहिला गल्ला भरण्याचा थरार इथे ड्रॅगन मारण्याच्या तोडीचा वाटतो, आणि हे साधणं सोपं नाही.

प्रेमकथाही याच चालीने जाते. विव्ह आणि टॅन्ड्री आधी सहकारी, मग भरवशाच्या मैत्रिणी, मग त्यापुढे. दोघींनाही लोक जातीवरून जोखतात: एक मारकुटी, दुसरी भुरळ घालणारी. दोघी एकमेकींना तसं जोखत नाहीत, प्रेमाचं कारण एवढंच. मात्र फक्त रोमान्ससाठी पुस्तक उचलणाऱ्यांची निराशा होऊ शकते. कबुली अगदी शेवटी येते, त्याआधी नजरा आणि मौनच जास्त.

मग कमी कुठे पडतं?

संकटं फार लवकर सुटतात. खंडणी मागणाऱ्या मॅड्रिगलशी तडजोड होते ती चक्क दर आठवड्याच्या बेकरी मालावर! वाचताना हसू येतं, पण गुंडगिरीचा धाक तिथेच संपतो. जुना साथीदार फेनस खलनायक म्हणून पातळ आहे. तो दुकान जाळतो, पण माणूस म्हणून फारसा उलगडत नाही. शिवाय थ्यूनमधलं दुकान हळूहळू हुबेहूब आजच्या कॅफेसारखं होत जातं. फँटसीत वेगळं जग शोधणाऱ्याला हे खटकणारच.

माझ्या मते सर्वात मोठी हुकलेली संधी जादुई दगडाची. विव्हने नशीब फळावं म्हणून दुकानाच्या जमिनीखाली एक दगड पुरलेला असतो. यश तिच्या कष्टाचं की दगडाचं? माणसं स्वतःहून आली की ओढली गेली? या प्रश्नाला प्रेमाच्या बाबतीत तर जास्तच धार आहे, कारण टॅन्ड्रीवर आयुष्यभर भुरळ घातल्याचाच संशय घेतला गेलाय. लेखक प्रश्न मांडतो, दगड गेल्यावरही माणसं टिकतात असं दाखवतो, पण त्यात फार खोल शिरत नाही. आणखी वीस पानं इथे खर्च झाली असती तर पुस्तक वेगळ्याच उंचीवर गेलं असतं.

थकलेल्या आठवड्यानंतर दोन बैठकीत वाचून होईल असं हे पुस्तक आहे. आवडलं तर 'बुकशॉप्स अँड बोनडस्ट' घ्या. 2023 मध्ये आलेल्या त्या पुस्तकात तरुण, जखमी विव्ह एका डबघाईला आलेल्या पुस्तकांच्या दुकानात रमते. ते आधी वाचलं तरी काही अडत नाही.