बारतोंडीचा लाल रंग : मुळापासून मण्यापर्यंत

१/ शिरूर-दौंडच्या भीमाकाठी आज उसाचे राज्य आहे. तरीही कोरडवाहू बांधावर, माळाच्या कडेला पांढऱ्या सुवासिक फुलांची बारतोंडी कुठे कुठे भेटते. आज तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. एके काळी मात्र अशा झाडांच्या मुळांवर रंगाऱ्यांचा धंदा उभा होता.

२/ बारतोंडी आणि तिची भावंडे मोरिंडा प्रजातीतील. त्यांच्या मुळांतील रंगाला ‘आल’ म्हणत. तुरटी लावलेल्या सुती कापडावर आल पक्का लाल चढे. खानदेश-वऱ्हाडात त्याची लागवडही होत असे.

३/ या रंगाची किंमत झाड मोजत असे. तीन-चार वर्षे वाढवलेले झाड मुळासकट खणून काढावे लागे. उत्तम रंग बारीक मुळांत असल्याने खणणे खोल आणि कष्टाचे. रंग हाती येई, तेव्हा झाड संपलेले असे.

४/ १८६९ मध्ये डांबरापासून अलिझरिन बनवण्याची कृती जर्मनी व इंग्लंडमध्ये सिद्ध झाली. हा रंगही आलाप्रमाणेच अँथ्राक्विनोन गटातला. कारखान्याच्या स्वस्त लालापुढे आल टिकला नाही. शेतकरी आणि रंगारी दोघांचेही उत्पन्न बुडाले.

५/ पुढे १९७९ मध्ये ब्रोडेलियस, डॉयस, मोसबाख आणि त्सेंक या संशोधकांनी मोरिंडाच्याच जिवंत पेशी जेलमध्ये अडकवल्या. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात पेशी मिसळायच्या आणि ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचे. प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा मऊ मणी होतो. अन्नद्रव्य आत शिरते, पेशी मात्र बाहेर पडत नाहीत.

६/ मण्यांतल्या पेशींनी अँथ्राक्विनोन तयार केले. त्याच प्रयोगमालेत सदाफुलीच्या पेशींनी, कच्चा माल पुरवल्यावर, अजमालिसिन हे औषधी द्रव्य घडवले. झाड न मारता, त्याच पेशींकडून पुन्हा पुन्हा उत्पादन घेण्याची वाट दिसू लागली.

७/ अडचण पेशीच्या आतच होती. वनस्पतीची पेशी अशी द्रव्ये बहुधा आपल्या रिक्तिकेत साठवते, सहजी बाहेर सोडत नाही. ती काढण्यासाठी पेशीचे पटल सच्छिद्र करावे, तर पेशीच दगावण्याची भीती. आल खणणाऱ्या शेतकऱ्यापुढचाच पेच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा उभा राहिला.

८/ १९८० च्या दशकात जपानमध्ये शिकोनिन हा लाल रंग पेशींपासून कारखान्यात निघू लागला, पण त्या पेशी द्रवात मोकळ्या वाढवलेल्या होत्या. मोरिंडाचे मणी प्रयोगशाळेतच राहिले. बुडालेला आल शेतकऱ्याला कोणीच परत दिला नाही. बांधावरच्या बारतोंडीची मुळे मात्र आता कोणी खणत नाही.