देवदूत पाहणारा इंजिनिअर

परवा उप्सालाला जाऊन आलो. स्टॉकहोमहून आगगाडीने जेमतेम पाऊण तास. तिथल्या कॅथेड्रलमध्ये आमच्याच जातकुळीच्या एका माणसाची शवपेटी आहे. इमॅन्युएल स्वीडनबोर्ग, जन्म १६८८, स्वीडनच्या खाण खात्यातला अधिकारी. १७३४ साली त्याने तीन जाडजूड खंड छापले. दोन लोखंड आणि तांब्यावर, आणि पहिला चक्क विश्व कसं घडलं यावर!

पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थाला देवदूत दिसू लागले. मग स्वर्ग-नरकाची तपशीलवार वर्णनं लिहिली, आठ खंडांत. १७५९ साली स्टॉकहोमला आग लागली तेव्हा सुमारे चारशे किलोमीटरवर गोथेनबर्गमध्ये बसून त्याने ती सांगितली, अशी कथा आहे.

ही कथा प्रशियातल्या कोनिग्सबर्गला कांटच्या कानावर गेली. कांटने ती हसण्यावारी नेली नाही. ओळखीच्या एका इंग्रज माणसाकरवी चौकशी केली, ते आठ खंड मागवून वाचले, आणि १७६६ साली निनावी पुस्तक लिहून खिल्ली उडवली. गंमत म्हणजे त्यात वोल्फसारखे नामवंत तत्त्वज्ञही सुटले नाहीत. त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक, पण हवेतला इमलाच तो! एकाकडे सगळा अनुभव खाजगी, तर दुसऱ्याकडे नुसता तर्क. तपासायचं कसं?

याचं सविस्तर उत्तर १७८१ च्या 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथात आलं. स्थळ, काळ, कार्यकारण ही आपल्या मनाची चौकट. अनुभवाच्या आत ती चालते. बाहेर नेली की घोटाळा होतो. विश्वाला आरंभ आहे आणि विश्वाला आरंभ नाही, अशा दोन्ही सिद्धता कांटने समोरासमोरच्या पानांवर छापल्या. दोन्ही पटतात! आमच्याकडे दोन आकडेमोडी बरोबर असून उत्तरं उलटी आली, की गृहीतकातच खोट शोधतात. कांटने तेच केलं.

हे मला पटतं. तरी पंचाईत आहेच. माझे आजोबा पहाटे ध्यानाला बसत. "अनुभव घे, मग कळेल," म्हणत. त्यांना खोटं ठरवायला माझी जीभ रेटत नाही. कांटच्या हिशेबाने ठरवायची गरजही नाही म्हणा, कारण चौकटीपलीकडचं जसं सिद्ध होत नाही तसं खोडूनही काढता येत नाही. आजोबांचा अनुभव आजोबांचा. त्यावर मी विश्वाचा आराखडा काढायला बसलो, तर मात्र तो स्वीडनबोर्गचा नववा खंड होईल.