जंताची गोळी कोरोनावर कशी आली?

केनवडला रुग्ण अजून विचारतात, "डॉक्टर, कोरोनातली ती जंताची गोळी व्हायरल तापाला चालेल का?"

ती आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या या औषधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. २०२० मध्ये प्रयोगशाळेतील पेशींत तिने कोरोना विषाणू रोखला. पण औषधाचे तेवढे प्रमाण नेहमीच्या डोसने रक्तात येत नाही.

तरी मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना ती पाच दिवस देण्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या उपचार सूचनांतून ती वगळली गेली. मोठ्या चाचण्यांतही ठोस फायदा दिसला नाही. बहुतेक रुग्ण गोळीविनाही बरे होत होते. श्रेय मात्र गोळीला मिळाले.

खरूज, हत्तीरोगासाठी ती उपयोगी आहे. व्हायरल तापात घेऊ नका.