तलब व रसद : अर्थशास्त्राचा पहिला धडा

महाविद्यालयात पाऊल ठेवताच आपल्या मुला-मुलींची गाठ सूक्ष्म (अंशलक्ष्यी) अर्थशास्त्राशी पडते. उर्दू शाळेतून आलेला विद्यार्थी 'घटती सीमांत उपयोगिता' हे शब्द पाहूनच बिचकतो; कित्येक जण विषयच सोडून देतात. त्यांनी थोडा इतिहास पाहावा.

1948 पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते. तेथे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. त्यासाठी दारुल तर्जुमा या अनुवाद विभागाने पाठ्यपुस्तके सिद्ध केली. कवी इक्बाल यांनी त्याआधीच, 1904 च्या सुमारास, 'इल्मुल इक्तिसाद' हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ लिहिला होता. उर्दू पुस्तकांत मागणी-पुरवठ्याला 'तलब व रसद' म्हणतात. चहाची तलब आणि फौजेची रसद मराठीलाही परकी नाही!

1948 नंतर उस्मानियात इंग्रजी माध्यम आले. 1958 साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. पुढे हाच विषय मराठीतून शिकण्याची सोय झाली. भाषा तीन, सिद्धांत एकच.

तहानेल्याला पहिली मोसंबी अमृत वाटते, चौथी नकोशी होते. हीच घटती उपयोगिता. आवक वाढली की भाव उतरतो, हे जालन्याच्या बाजारात रोज दिसते. तेव्हा पालकहो, शब्द अवघड म्हणून मुलांना, विशेषतः मुलींना, विषय सोडू देऊ नका. अर्थ त्यांना आधीच ठाऊक आहे. फक्त नाव नवे आहे.