शेजाऱ्याची जाण असलेले आकडे

जर्मनीच्या गेऑर्ग नेस यांनी 1968 च्या सुमारास संगणकाकडून 'शॉटर' नावाचे चित्र काढून घेतले. एका ओळीत 12 चौकोन, अशा 22 ओळी. वरचे चौकोन शिस्तीत उभे आहेत. खाली येता येता ते कलंडतात, जागा सोडतात आणि तळाशी सगळा पसारा होतो. कोणता चौकोन किती कलंडणार हे रँडम आकडा ठरवतो. त्याला किती मोकळीक द्यायची, ती मर्यादा नेस ओळीगणिक वाढवत नेतात. इथे रँडम चपखल बसतो, कारण प्रत्येक चौकोन आपापल्या नशिबाने पडतो. शेजारच्याशी त्याला देणेघेणे नाही.

याच रँडमने संगमरवर काढायला गेलो तर प्रत्येक पिक्सेलला नवा आकडा मिळतो आणि जुन्या टीव्हीवर केंद्र लागले नाही की दिसायच्या तशा मुंग्या दिसू लागतात. खऱ्या संगमरवरात शिरेवरच्या बिंदूला लागून असलेला बिंदू बहुधा त्याच शिरेचा असतो. ढगाचे, लाटेचे, डोंगराचेही तसेच. निसर्गात अनपेक्षितपणा भरपूर आहे, पण तो शेजार सोडून नाही.

ही अडचण सोडवली केन पर्लिन यांनी. ते न्यूयॉर्कजवळच्या मॅगी या कंपनीत काम करत होते. 1982 मध्ये आलेल्या 'ट्रॉन' चित्रपटातल्या प्रकाशाच्या मोटरसायकली याच कंपनीने घडवल्या. गोल, नळकांडी, ठोकळे यांची बेरीज-वजाबाकी करून तिथे वस्तू तयार होत. त्या सुबक होत्या, पण पाहताक्षणी यंत्राच्या वाटत. हा गुळगुळीतपणा पर्लिन यांना खुपत होता. 1983 मध्ये त्यांनी त्यावर उपाय शोधला आणि 1985 मध्ये संगणक-चित्रांच्या सिग्राफ परिषदेत तो शोधनिबंधातून मांडला.

पर्लिन नॉईज या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती अशी. अवकाशात एक जाळी कल्पायची. तिच्या प्रत्येक गाठीवर उंची शून्य ठेवायची, पण तिथून चढ कोणत्या दिशेला जाणार हे रँडम पद्धतीने नेमून द्यायचे. मधल्या कुठल्याही बिंदूची उंची काढताना भोवतालच्या गाठींचे चढ-उतार विचारात घ्यायचे आणि जवळच्या गाठीला जास्त वजन द्यायचे. त्यामुळे उंची हळूहळू बदलते; उडी मारत नाही. चढउतारांचा आकार साधारण जाळीच्या घराएवढाच राहतो, म्हणून तो कलावंताच्या हातात येतो. बारीक जाळी, बारीक नक्षी.

दुसरा गुण तितकाच मोलाचा. गाठींच्या दिशा 256 आकड्यांच्या एकदाच पिसून ठेवलेल्या तक्त्यावरून ठरतात. तोच बिंदू विचारला की तेच उत्तर. सेकंदाला 24 फ्रेम दाखवणाऱ्या चित्रपटात हे अत्यावश्यक होते, नाहीतर दगडावरची शीर फ्रेमगणिक जागा बदलून वळवळली असती.

मग पर्लिन यांनी थर रचले. पहिल्या थरात मोठे चढउतार. पुढच्या थरात दुप्पट दाट पण निम्म्या उंचीचे. त्यावर आणखी बारीक. डोंगर, त्यावर कातळ, कातळावर खडबडीतपणा. सरळ पट्ट्यांमध्ये हे थर मिसळून पट्टे वेडेवाकडे केले की संगमरवर तयार. हे सारे तीन मितींत असल्याने फुलदाणीवर चित्र चिकटवावे लागत नाही. ती जणू अखंड दगडातून कोरून निघते. 1997 मध्ये या तंत्रासाठी पर्लिन यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

त्यांनी आपल्या पद्धतीतले दोषही काढले. 2001 मध्ये त्यांनी सिम्प्लेक्स नॉईज मांडला: तीन मितींत 8 गाठींऐवजी 4, चार मितींत 16 ऐवजी 5 गाठी पाहाव्या लागतात. त्याच्या काही वापरांवर पेटंट होते, म्हणून 2014 मध्ये ओपनसिम्प्लेक्स हा मुक्त पर्याय आला. 2002 मध्ये पर्लिन यांनी मूळ पद्धतीतला मिश्रणाचा वक्र बदलला, कारण उजेड पडल्यावर जाळीच्या घड्या दिसत होत्या.

दरम्यान 2001 मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटीत प्रोसेसिंग हे कोडने चित्रे काढण्याचे साधन सुरू केले आणि हे हत्यार चित्रकार-विद्यार्थ्यांच्या हाती आले. तिथल्या नॉईजचा कोड फारब्राउश या जर्मन डेमो गटाच्या कोडवरून घडला. काटेकोर पाहिले तर तो पर्लिनचा नॉईज नव्हे: त्यात गाठींवर दिशा नसून थेट रँडम उंची असते आणि मधले अंतर वक्राने भरले जाते. प्रोसेसिंगच्या जावास्क्रिप्ट अवतारात, म्हणजे पीफाइव्हमध्येही, तोच वारसा उतरला. नाव पर्लिनचे चालते, कूळ थोडे वेगळे आहे. शेजार राखण्याचे तत्त्व मात्र तेच.

या इतिहासातून कोड लिहिणाऱ्याने एक गोष्ट नक्की घ्यावी. रँडम कमी दर्जाचा आणि नॉईज श्रेष्ठ, असे नाही. फासा टाकायचा असेल, पत्ते पिसायचे असतील, नेस यांच्यासारखे चौकोन उधळायचे असतील, तर रँडमच हवा. तिथे नॉईज घातला तर खेळ आधीच कळेल. पण जिथे एका जागेचा पुढच्या जागेशी, एका क्षणाचा पुढच्या क्षणाशी संबंध आहे, तिथे नॉईज वापरा. आकडा मागण्याआधी स्वतःला विचारा: याला शेजारी आहे का? उत्तर मिळाले की कोणते फंक्शन लिहायचे तेही ठरते.