इंग्लिश फुटबॉलचा हंगाम आणि 'पक्क्या टिप्स' : सुरुवातीच्या सामन्यांचे अंदाज का फसतात?

विशेष माहिती

ऑगस्टचा मध्य उजाडला की इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा नवा हंगाम सुरू होतो आणि आपल्याकडे मोबाइलवर 'आजच्या पक्क्या टिप्स' येऊ लागतात. तिकडे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. म्हणजे जेवणाच्या वेळेला. बेळगाव असो, कोल्हापूर असो की मडगाव, फुटबॉल बघणारी पोरं या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यामुळे सामना बघण्यात नवीन काही नाही. नवीन आहे ते बघता बघता अ‍ॅपवर पैसे लावणं.

माझ्या ओळखीतल्या एका घरात गेल्या काही वर्षांत हे घडलं. पोरगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या दोन आठवड्यांत थोडे पैसे आले, मग फीचे पैसे गेले, मग मित्रांची उसनवारी. वडिलांना कळलं तेव्हा पोरगा म्हणाला, "अहो बाबा, अंदाज बरोबरच होता, नशीब आडवं आलं." मी स्वतः कॉमर्सचा. मला त्या वाक्यात नशिबापेक्षा हिशेबाची चूक जास्त दिसली. ती चूक नेमकी कुठे असते, हे समजावं म्हणून हा लेख. पैसे कसे लावावेत, ते यात मिळणार नाही.

भाव म्हणजे काय?

बुकी एखाद्या निकालावर जो आकडा देतो त्याला आपण भाव म्हणतो. इंग्लंडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहितात. जुनी पद्धत अपूर्णांकाची : 5/1 म्हणजे एक रुपया लावला तर पाच रुपये नफा, शिवाय आपला रुपया परत. नवी पद्धत दशांशाची : तोच भाव 6.00 असा दिसतो, कारण त्यात आपली मुद्दलही धरलेली असते.

भावावरून शक्यता काढायची असेल तर 100 ला दशांश भावाने भागायचं. 2.00 भाव म्हणजे 50 टक्के, 4.00 म्हणजे 25 टक्के. इतकं सोपं आहे.

आता समजा एका सामन्याचे भाव असे आहेत : यजमान संघ 2.10, बरोबरी 3.40, पाहुणा संघ 3.50. भागाकार केला तर 47.6, 29.4 आणि 28.6 टक्के येतात. बेरीज करा. 105.6. तीनपैकी एकच निकाल लागणार, तर बेरीज 100 च्या वर जाईल कशी? वरचे 5.6 टक्के हा बुकीचा कट. दुकानदार मालावर मार्जिन ठेवतो तसाच. या हिशेबाने 100 रुपयांमागे सरासरी साधारण 94 रुपये 70 पैसे परत येतात. सामना कुणीही जिंको, दुकानाचं भाडं निघालेलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. पोरांना आवडते ती 'पाच सामन्यांची माळ', म्हणजे पाचही निकाल बरोबर आले तरच पैसे. इथे प्रत्येक सामन्याचा कट एकमेकांवर चढत जातो. 94.7 टक्क्यांचा पाच वेळा गुणाकार केला की 76 टक्के उरतात. म्हणजे 100 रुपयांमागे सरासरी 24 रुपये खेळ सुरू होण्याआधीच गेले. शिवाय प्रत्येक सामन्यात आपला संघ जिंकण्याची शक्यता 60 टक्के धरली, तरी पाचही जिंकण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आतच राहते. तेरा वेळा खेळलं तर साधारण एकदा. "चार आले, एकानं घात केला" हे वाक्य दर शनिवारी ऐकू येतं ते म्हणूनच.

हा धंदा जुना आहे

इंग्लंडमध्ये फुटबॉलवर अंदाज लावणं शंभर वर्षं जुनं आहे. 1923 साली जॉन मूर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी लिटलवुड्स पूल्स सुरू केलं. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर त्यांनी पहिली कूपनं वाटली. 4000 वाटली, 35 परत आली. पुढे हेच कूपन घराघरांत गेलं. 1963 च्या कडाक्याच्या थंडीत सामनेच होईनात, तेव्हा जाणकारांचं एक मंडळ बसवून न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवले गेले, पण कूपन थांबलं नाही. 1961 पासून तिकडे सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली. आज या धंद्यावर 2005 च्या कायद्याखाली गॅम्बलिंग कमिशनची देखरेख असते आणि एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डाने सट्टा लावायला बंदी आहे. ज्या देशात हे सगळं कायदेशीर आहे, तिथेही उधारीवर खेळू देत नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

सुरुवातीचे सामने फसवे का?

प्रीमियर लीगमध्ये 20 संघ, प्रत्येकाचे 38 सामने, एकूण 380. हंगामाच्या मध्यावर अंदाज बांधणाऱ्याच्या हाताशी निदान अठरा-एकोणीस सामन्यांची माहिती असते. ऑगस्टमध्ये काय असतं? गेल्या वर्षीचा निकाल, सरावाचे सामने आणि वर्तमानपत्रातली चर्चा. त्यात चार गोष्टी घोळ घालतात.

पहिली, खेळाडूंची खरेदी-विक्री. ही खिडकी साधारणपणे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडी असते, म्हणजे पहिले दोन-तीन सामने झाल्यावरही संघ बदलू शकतो. 2018 आणि 2019 मध्ये इंग्लिश क्लबांनी ती हंगामाआधीच बंद करून पाहिली, पण युरोपातल्या बाकीच्यांची उघडीच राहिली, आणि मग पुन्हा जुनी पद्धत आली.

दुसरी, खालच्या विभागातून वर आलेले तीन संघ. त्यांचे गेल्या वर्षीचे आकडे दुसऱ्याच दर्जाच्या स्पर्धेतले असतात. 2023-24 मध्ये वर आलेले ल्यूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड तिघेही त्याच वर्षी खाली गेले. 2024-25 मध्ये लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन यांचंही तेच झालं. पण यावरून 'नवे संघ हरतातच' असा नियम काढावा तर ब्रेंटफर्डचं उदाहरण आहे. 13 ऑगस्ट 2021 ला वर आल्यावरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी आर्सेनलला 2-0 हरवलं.

तिसरी, नवे प्रशिक्षक आणि थकलेले खेळाडू. ज्या वर्षी उन्हाळ्यात विश्वचषक किंवा युरो स्पर्धा असते, त्या वर्षी मोठ्या संघांचे निम्मे खेळाडू उशिरा सरावाला येतात. नवा प्रशिक्षक कोणाला खेळवणार, हे पहिल्या महिन्यात बाहेरच्याला कळत नाही.

चौथी आणि सगळ्यात मोठी, नमुना लहान. दोन-तीन सामन्यांवरून संघाची पारख करणं म्हणजे दुकानाच्या पहिल्या तीन दिवसांच्या विक्रीवरून वर्षाचा ताळेबंद मांडणं.

याचे दाखले भरपूर आहेत :

- 2008-09 मध्ये नव्याने आलेल्या हल सिटीने पहिल्या नऊ सामन्यांत 20 गुण मिळवले. हंगाम संपला तेव्हा त्यांचे एकूण गुण 35 होते, आणि 17 व्या जागी ते कसेबसे वाचले.
- 12 ऑगस्ट 2017 ला गतविजेता चेल्सी घरच्या मैदानावर बर्नलीकडून 3-2 असा हरला.
- 2021-22 मध्ये आर्सेनल पहिले तिन्ही सामने हरलं, एकही गोल न करता. शेवटी पाचवं आलं.
- 2022-23 मध्ये मँचेस्टर युनायटेड पहिला सामना ब्रायटनकडून घरीच हरलं, दुसऱ्यात ब्रेंटफर्डने त्यांना 4-0 झोडपलं. तिसऱ्या सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला हरवलं, आणि हंगामाअखेर युनायटेड तिसऱ्या जागी होतं.
- त्याच ऑगस्टमध्ये बोर्नमथ लिव्हरपूलकडून 9-0 हरलं, तीन दिवसांत प्रशिक्षक स्कॉट पार्कर यांना काढलं. तरीही बोर्नमथ त्या वर्षी लीगमध्ये टिकलं.
- 2023-24 मध्ये टॉटनहॅम दहा सामन्यांनंतर 26 गुणांसह अव्वल होतं. शेवटी पाचवं.

आणि लेस्टर सिटीची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. 2015-16 हंगामाआधी ते विजेते होण्याचा भाव 5000/1 होता. म्हणजे बुकींच्या मते शक्यता 0.02 टक्के. लेस्टरने 81 गुण घेऊन करंडक उचलला, आणि त्याआधीच्या वर्षीचा विजेता चेल्सी दहावा आला. टिपा विकणारे ही गोष्ट 'बघा, असंही होतं' म्हणून सांगतात. खरं तर ती उलट बाजूने वाचायला हवी. ज्यांचं पोटच या हिशेबावर चालतं, त्यांनाही ऑगस्टमध्ये काही कळलेलं नव्हतं. मग टेलिग्रामवरच्या 'सर'ना कसं कळणार?

अंदाज बांधतात कसे?

अभ्यासू लोक संघाच्या नावावर जात नाहीत. ते प्रत्येक संघाची गोल करण्याची आणि गोल अडवण्याची ताकद आकड्यात मांडतात आणि त्यावरून 'या सामन्यात सरासरी किती गोल अपेक्षित' ते काढतात. संख्याशास्त्रातली पॉइसाँ पद्धत यासाठी वापरतात. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांचा 1997 चा निबंध या विषयात आजही आधार मानला जातो. त्यांनी जुन्या सामन्यांचं वजन हळूहळू कमी करत नेलं, कारण संघ बदलत राहतो.

एक उदाहरण करून बघू. यजमानांचे अपेक्षित गोल 1.6, पाहुण्यांचे 1.1. या पद्धतीने बरोबरीची शक्यता सुमारे 25 टक्के येते. नेमका स्कोअर काय, असं विचारलं तर सगळ्यात संभाव्य उत्तर 1-1, आणि त्याची शक्यता किती? सुमारे 12 टक्के. म्हणजे उत्तमातला उत्तम अंदाजसुद्धा आठातून सात वेळा चुकणार. ज्याच्या टिपेत 'आज पक्का 2-1' असं लिहिलंय, त्याला एवढंच विचारा : पक्का म्हणजे किती टक्के? उत्तर येणार नाही.

'सलग पाच बरोबर' कसं दाखवतात?

समजा एकाकडे 1600 नंबर आहेत. पहिल्या सामन्याला निम्म्यांना तो सांगतो 'तीन किंवा जास्त गोल होणार', निम्म्यांना 'होणार नाहीत'. ज्या 800 जणांना बरोबर टीप गेली, त्यांनाच पुढची. मग 400, 200, 100, 50. पाच सामन्यांनंतर 50 माणसं अशी उरतात ज्यांनी सलग पाच टिपा बरोबर आलेल्या डोळ्यांनी पाहिल्या. त्यांच्याकडे सहाव्या टिपेचे पैसे मागायचे. बाकीच्या 1550 जणांना ही गोष्ट दिसतच नाही. यात फुटबॉलचं ज्ञान शून्य लागतं.

दुसरा प्रकार दलालीचा. टीप फुकट, पण दिलेल्या लिंकवरूनच खातं उघडायचं. तिथे टीप देणाऱ्याचं उत्पन्न तुमच्या तोट्यावरही ठरलेलं असू शकतं.

कायदा काय सांगतो?

जुगार हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय, त्यामुळे सीमा ओलांडली की कायद्याचं नाव बदलतं. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मूळ मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा, कर्नाटकात 1963 चा पोलीस कायदा, गोव्यात 1976 चा जुगार कायदा. तेलंगणाने 2017 मध्येच पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. गोव्यात कॅसिनोला परवाने आहेत म्हणून फुटबॉलवरचं अ‍ॅपही चालतं, असं समजणारे भेटतात. तो गैरसमज आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. बँका आणि पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांनाही असे व्यवहार करता येत नाहीत. खेळणाऱ्याला या कायद्यात गुन्हेगार धरलेलं नाही. पण परदेशी अ‍ॅपने पैसे अडवले तर दाद मागायला दारच नाही, हा मुद्दा उरतोच. लिंक पाठवणाऱ्या ओळखीच्या पोरांनीही 'मी फक्त फॉरवर्ड केलं' म्हणून निर्धास्त राहू नये.

मैदानातल्या लोकांनाही यातून सुटका नाही. ब्रेंटफर्डचा आघाडीपटू आयव्हन टोनी याला सट्ट्याच्या नियमांचे 232 भंग केल्याबद्दल मे 2023 मध्ये आठ महिन्यांची बंदी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2025-26 हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूवरून सट्टा कंपन्यांची नावं काढायचं ठरवलं.

घरच्यांनी काय बघावं?

पोरगा रात्री दहाचा सामना बघतो म्हणून संशय घेऊ नका. फुटबॉल बघणं चांगलंच. पण यूपीआयवर लहान लहान रकमा अनोळखी नावांना वारंवार जात असतील, निकालापेक्षा 'किती गोल, किती कॉर्नर' यातच जीव अडकत असेल, आणि गेलेले पैसे 'पुढच्या शनिवारी काढतो' अशी भाषा असेल, तर बसून बोला. ओरडून उपयोग नाही, वही-पेन घेऊन हिशेब मांडा : लावले किती, आले किती. बहुतेकांनी ही बेरीज कधी केलेलीच नसते. फसवणूक झाली असेल तर सायबर मदतीसाठी 1930 या नंबरवर लगेच फोन करावा. मनाचा ताण असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर सरकारी आणि मोफत आहे.

वर सांगितलेल्या त्या घरात शेवटी हेच झालं. बाप-लेक वही घेऊन बसले. पोरगा अजूनही दर शनिवारी सामना बघतो. आता वडीलही शेजारी बसतात, आणि ऑफसाइड म्हणजे काय, ते त्याला विचारतात.